नळीतला अंदाज

हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनातून बाहेर पडून ऑटोवाल्याला ‘फीव्हर हॉस्पिटल’ म्हणालात तरी तो नेईल. पण ‘कोरंटी’ म्हणालात, तर हा इथलाच दिसतोय असं समजून दहा रुपये कमी सांगेल. नल्लकुंट्याच्या या सरकारी दवाखान्याचं पाटीवरचं नाव लांबलचक आहे : सर रोनाल्ड रॉस इन्स्टिट्यूट ऑफ ट्रॉपिकल अँड कम्युनिकेबल डिसीजेस. ते कुणाच्या तोंडी नाही. निजामाच्या अमदानीत साथीचे रोगी वेगळे ठेवायला दवाखाना काढला आणि ‘क्वारंटाइन’चं दख्खनी जिभेवर ‘कोरंटी’ झालं. २०२० साली सगळं जग तो शब्द नव्याने शिकत होतं, तेव्हा नल्लकुंट्यातल्या म्हाताऱ्यांना त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.

माझी आत्या इथून चालत दहा मिनिटांवर, शंकर मठाच्या मागच्या बाजूला राहते. मूळची नांदेडची. लग्न होऊन आली त्याला पन्नास वर्षं होत आली. वय ७२, मधुमेह जुना. कपाटात तिची एक प्लास्टिकची फाइल असते. त्यात घराची कागदपत्रं, काकांच्या पेन्शनचे कागद आणि लसीचं प्रमाणपत्र असं सगळं एकत्र. कोव्हॅक्सिनचे दोन डोस २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये, तिसरा खबरदारीचा डोस जानेवारी २०२२ मध्ये. २०२३ च्या एप्रिलमध्ये चार दिवस ताप आला. घरच्या घरी किटवर दोन रेघा उमटल्या आणि नंतर ती बरी झाली.

२०२५ च्या मे महिन्यात एनबी.१.८.१ आणि एलएफ.७ ही करोनाच्या नव्या रूपांची नावं बातम्यांत यायला लागली, तेव्हा तिचा फोन आला.

“काय रे, बदललेल्या करोनाची बदललेली लस असते म्हणे. पुण्यात केली होती ना तसली? ती घेतली तर मी किती वाचेन? घेऊ का नको, एवढंच सांग. लांबण लावू नकोस.”

लांबण लावल्याशिवाय सांगता येईना, म्हणून हा लेख.

*

त्यानंतर नल्लकुंट्याला गेलो ते पावसाळ्यात. सकाळी कोरंटीत गेलं की तापाची रांग दिसते आणि कुत्रा चावलेल्यांची रांग दिसते. दुसऱ्या रांगेत एक सात-आठ वर्षांचा मुलगा होता. पोटरीवर हळद लावलेली, हातात बिस्किटाचा पुडा. आई त्याला तेलुगूत समजावत होती, बहुधा सुई छोटी असते म्हणून. पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यायचं, हे शेजारची बाई तिला बोटांवर मोजून सांगत होती.

आत्याच्या प्रश्नाची पहिली किल्ली मला या रांगेत मिळाली. रेबीजची लस लागू पडली की नाही, हे माणसाला पुन्हा कुत्रं चावण्याची वाट पाहून कुणी ठरवत नाही. निम्म्या लोकांना लस, निम्म्यांना नुसतं पाणी असा प्रयोग रेबीजमध्ये करणं म्हणजे खून. म्हणून रक्तात प्रतिपिंडं किती आली ते मोजतात. एका मिलिलिटरमध्ये अर्धं आंतरराष्ट्रीय एकक भरलं की लस पुरेशी लागली, असं जागतिक आरोग्य संघटना मानते. म्हणजे रोगाऐवजी नळी बघायची. कावीळ-बी आणि फ्लूच्या बाबतीतही असे उंबरठे ठरलेले आहेत.

रेबीजचा विषाणू मात्र दर सहा महिन्यांनी तोंड बदलत नाही. करोनाचा बदलतो. म्हणून करोनाच्या लसीचा अंदाज बांधणाऱ्यांना दोन प्रश्न एकदम सोडवावे लागले : नळीतल्या आकड्याचा माणूस आजारी पडण्याशी संबंध काय, आणि विषाणू बदलला की तो आकडा किती घसरतो.

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात हैदराबादचा मोठा वाटा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कुणी सांगितलेला नाही. ३ मार्च २०२१ रोजी हैदराबादच्या भारत बायोटेकने कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याचा पहिला निकाल जाहीर केला. चाचणीत २५,७९८ माणसं. त्यातल्या ४३ जणांना तोवर लक्षणांसह करोना झाला होता. ३६ जण खोटं इंजेक्शन घेतलेले, ७ जण खरी लस घेतलेले. छत्तिसाच्या जागी सात, म्हणजे ८०.६ टक्के संरक्षण. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ८१ टक्क्यांचा मथळा होता. त्या मथळ्याच्या पोटात एवढे दोनच आकडे होते, ३६ आणि ७.

त्याच सुमारास सिडनीच्या कर्बी इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड खूरी, डेबोरा क्रोमर, माइल्स डेव्हनपोर्ट आणि त्यांचे सहकारी एक आलेख काढत बसले होते. सात लसी घेतल्या, आठवा गट करोनातून बरे झालेल्यांचा. प्रत्येक गटाच्या रक्तातली प्रतिपिंडं आडव्या रेषेवर, प्रत्यक्ष चाचणीत मिळालेलं संरक्षण उभ्या रेषेवर. ठिपके एका वळणदार रेषेवर येऊन बसले. कोव्हॅक्सिन त्या सातांत नव्हती. तिच्या आधीच्या चाचण्यांतले रक्ताचे आकडे मात्र प्रसिद्ध होते. ते या रेषेवर ठेवल्यावर उत्तर आलं ७९.४ टक्के. माणसं आजारी पडण्याची वाट पाहून निघालेला आकडा होता ८०.६.

एवढी जवळीक नुसत्या शास्त्राची म्हणता येणार नाही. ४३ रुग्णांवरच्या आकड्याला इकडेतिकडे सरकायला भरपूर जागा असते, त्यामुळे थोडा नशिबाचाही भाग. चाचणी संपली तेव्हा १३० रुग्ण झाले होते, १०६ आणि २४. अंतिम आकडा ७७.८ टक्के निघाला. तोही रेषेच्या आसपासच. सिडनीच्या गटाचा हा निबंध मे २०२१ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला, आणि पुढे जगभर नव्या लसींचे निर्णय ज्या विचाराने झाले त्याचा तो पाया ठरला.

*

हा रक्ताचा आकडा काढतात कसा, ते एकदा जवळून पाहायला हवं. नाहीतर ‘अँटिबॉडी’ हा शब्द हवेतच राहतो.

कोव्हॅक्सिनसाठी लागणारा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही) वेगळा करून हैदराबादला दिला होता, आणि लस घेतलेल्यांच्या रक्ताची मोठी मोजमापंही तिथेच झाली. रक्त गोठू द्यायचं. वर जे पिवळसर पाणी उरतं तो सीरम. तो ५६ अंशांवर अर्धा तास ठेवायचा, म्हणजे त्यातल्या इतर प्रथिनांची लुडबुड थांबते. मग तो पातळ करत न्यायचा. ताकात पाणी घालत जावं तसा : दहापट, वीसपट, चाळीसपट, ऐंशीपट, पुढेही. प्रत्येक नळीत मोजून तितकेच जिवंत विषाणू सोडायचे आणि तासभर त्यांना समोरासमोर राहू द्यायचं. नंतर ते मिश्रण माकडाच्या मूत्रपिंडातून वाढवलेल्या पेशींच्या पातळ थरावर ओतायचं. जे विषाणू प्रतिपिंडांच्या तावडीतून सुटले असतील, ते त्या थरात भोकं पाडतात. चार-पाच दिवसांनी रंग दिला की निळ्या सारवणावर पांढरे ठिपके दिसतात. ठिपके मोजायचे. ज्या पातळीवर ठिपके निम्मे होतात, तो त्या माणसाचा आकडा. एखाद्याचं ताक चाळीसपट पाण्यातच बेचव होतं, एखाद्याचं पाचशेपटीलाही आंबट लागतं.

कुठल्या पेशी घेतल्या, किती विषाणू सोडले, ठिपके कुणी मोजले, यावर आकडा बदलतो. पुण्याचे २०० म्हणजे लंडनचे २०० नव्हेत. सिडनीच्या मंडळींनी यावर साधी युक्ती केली. प्रत्येक प्रयोगशाळेचा आकडा त्याच प्रयोगशाळेत मोजलेल्या, करोनातून बऱ्या झालेल्या लोकांच्या सरासरीशी ताडून पाहिला. मग निघालं ते असं : त्या सरासरीच्या पाचव्या हिश्श्याएवढी प्रतिपिंडं असली, की लक्षणांच्या आजारापासून निम्मं संरक्षण. गंभीर आजारापासून निम्मं संरक्षण मिळायला सरासरीच्या तीनच टक्के पुरतात. सर्दी-ताप टाळायला भरपूर लागतं, आणि ऑक्सिजन लागण्याची वेळ टाळायला त्याच्या मानाने चिमूटभर.

या रेषेचा आकार घाटासारखा आहे. वर पठार, मध्ये तीव्र उतार, खाली पायथा. पठारावरून दोनशे पावलं मागे आलात तरी उंची फारशी कमी होत नाही. घाटाच्या तोंडाशी तीच दोनशे पावलं तुम्हाला पार खाली आणून सोडतात. डेल्टाने हे दाखवून दिलं. महाराष्ट्रात, विदर्भातल्या नमुन्यांत वाढत गेलेला बी.१.६१७ चा गट. २४ मार्च २०२१ रोजी केंद्राने ‘दुहेरी उत्परिवर्तन’ म्हणून त्याची वार्ता दिली, आणि मेअखेरीस त्यातल्या एका फांदीला डेल्टा हे नाव मिळालं. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांचं रक्त डेल्टापुढे २.७ पट कमी पडतं, असं पुण्याच्या मोजणीत निघालं. संरक्षण मात्र २.७ पट कमी झालं नाही. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत डेल्टापासूनचं संरक्षण ६५.२ टक्के भरलं. टीव्हीवर ‘इतक्या पटींनी निकामी’ असं ओरडणाऱ्यांना घाट ठाऊक नव्हता, एवढंच म्हणतो.

ओमायक्रॉन आला तेव्हा मात्र उताराचा भाग सुरू झाला. विषाणूच्या काट्यावर, म्हणजे स्पाइक प्रथिनावर, तिसाहून जास्त बदल. दोन डोसांवर असलेली माणसं लक्षणांच्या बाबतीत पायथ्याजवळ पोचली. गंभीर आजाराची रेषा खूप डावीकडे असल्याने तिथे अजून पठारच शिल्लक होतं. जानेवारी २०२२ मध्ये घराघरात ताप आणि रुग्णालयं एप्रिल २०२१ च्या मानाने मोकळी, हे चित्र त्यातून आलं. त्यात प्रतिपिंडांबरोबर टी-पेशींचंही काम आहे, आणि त्या या ठिपक्यांच्या खेळात मोजल्याच जात नाहीत. अंदाजाची ही मोठी उणीव.

*

आता सुधारित लस. तर्क सरळ वाटतो : विषाणू बदलला, लसही बदला, पुन्हा पठारावर चढा. ३१ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकेने ओमायक्रॉनच्या बीए.४ आणि बीए.५ या फांद्यांवर बेतलेली लस मंजूर केली, तेव्हा त्या नेमक्या लसीचा पुरावा उंदरांच्या रक्ताचा होता. माणसांचा पुरावा तिच्या आधीच्या, बीए.१ वर बेतलेल्या भावंडाचा. त्यावर बरीच टीका झाली. मला ती अर्धीच पटते. फ्लूची लस वर्षानुवर्षं अशीच बदलली जाते, दरवेळी नवी मोठी चाचणी कुणी करत नाही.

खरा प्रश्न वेगळा होता, आणि तो पुन्हा त्याच सिडनीच्या गटाने २०२३ मध्ये आकड्यांत मांडला. जगभरच्या बूस्टरच्या चाचण्या एकत्र केल्यावर दिसलं की जुन्याच लसीचा डोस दिला तरी प्रतिपिंडं सरासरी ११ पटींनी वाढतात. सुधारित लस दिली तर त्याहून १.६ पट जास्त. एखाद्या लोकसमूहाला आधीच ५० टक्के संरक्षण असेल, तर जुन्या लसीचा डोस त्याला ८६ टक्क्यांच्या आसपास नेतो आणि नव्या लसीचा ९० च्या आसपास. जाहिरातीतला सगळा जोर ‘नवी’वर असतो. आकडे सांगतात की मोठी उडी ‘डोस’मध्ये आहे, ‘नवी’मध्ये तिच्यावरची साय.

असं का? कारण शरीर पहिली ओळख विसरत नाही. अमेरिकन डॉक्टर थॉमस फ्रान्सिस यांनी १९६० मध्ये फ्लूवरून हे सांगितलं आणि त्याला ‘मूळ पाप’ असं बायबलमधलं नाव दिलं. मला ‘पहिला ठसा’ म्हणावंसं वाटतं. आत्याच्या रक्ताने करोनाचा चेहरा पहिल्यांदा पाहिला तो २०२० च्या विषाणूचा, मेलेला, कोव्हॅक्सिनमधून. तिला आज नव्या विषाणूची लस दिली तर तिचं शरीर आधी जुन्याच ओळखीच्या खुणा शोधतं, आणि जुनी प्रतिपिंडं जोमाने बनवतं. नव्या खुणांसाठी नवी प्रतिपिंडं बनतात, पण सावकाश.

म्हणून ‘लस किती टक्के’ हा प्रश्न एकट्या लसीचा राहत नाही. तो घेणाऱ्याच्या रक्तात आधी काय लिहिलंय याचा होतो. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सीडीसीने ओमायक्रॉनच्या एक्सबीबी.१.५ या फांदीवर बेतलेल्या लसीचा आकडा दिला : लक्षणांच्या आजारापासून ५४ टक्के, आणि ज्यांना जेएन.१ या आणखी नव्या फांदीची लागण झाली असावी त्यांच्यात ४९. पुढच्या हंगामातल्या लसीने प्रौढांना तातडीच्या उपचारासाठी धावण्यापासून ३३ टक्के वाचवलं. २०२० सालच्या पहिल्या चाचणीतल्या ९५ टक्क्यांवरून ३३ वर आली म्हणजे लस बिघडली, असं वाचणाऱ्याला वाटतं. पण त्या चाचणीत लस न घेतलेला माणूस कोरा होता. २०२४ मध्ये लस न घेतलेला माणूस म्हणजे आधीच तीन डोस आणि एक-दोन आजार खाऊन बसलेला. कोऱ्या पाटीशी केलेली तुलना आणि भरलेल्या पाटीशी केलेली तुलना एका रकान्यात लिहिता येत नाही.

*

विषाणू मोजण्याचं आणि लसी करण्याचं हे काम पुणे आणि हैदराबाद या दोन शहरांइतकं भारतात क्वचितच कुठे मुरलं असेल. डिसेंबर २०२० मध्ये विषाणूचे जनुक वाचण्यासाठी ‘इन्साकॉग’ हा प्रयोगशाळांचा गट उभा राहिला. पहिल्या दहांत दोन पुण्याच्या, एनआयव्ही आणि एनसीसीएस, तर दोन हैदराबादच्या, सीसीएमबी आणि सीडीएफडी. सीसीएमबी नल्लकुंट्याहून तारनाका ओलांडला की हबसिगुड्याला. तिथल्या मंडळींनी २०२० च्या ऑगस्टमध्ये शहराच्या सांडपाण्यातून सुमारे ६.६ लाख लोक बाधित होऊन गेल्याचा अंदाज काढला, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. पुढे जानेवारी २०२१ च्या आसपास ३० वॉर्डांत सुमारे नऊ हजार लोकांचं रक्त तपासलं, तर ५४ टक्क्यांच्या रक्तात खुणा सापडल्या.

कोरंटीचाही पुण्याशी धागा आहे. जुलै २०२२ मध्ये कुवेतहून कामारेड्डीला परतलेल्या एका माणसाला मंकीपॉक्सच्या संशयावरून इथे दाखल केलं, नमुना पुण्याला गेला आणि दोन दिवसांत ‘नाही’ असं उत्तर आलं.

नल्लकुंट्याच्या दुसऱ्या अंगाला आझमाबादची औद्योगिक वसाहत आहे. बायोलॉजिकल ई या १९५३ च्या कंपनीचा जुना पत्ता तिथला. तिची कॉर्बेव्हॅक्स डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झाली ती नळीच्या भरवशावर. कोव्हिशील्ड घेतलेल्यांपेक्षा हिच्या प्रतिपिंडांचा आकडा सरस निघाला आणि तेवढ्यावर परवानगी मिळाली. मार्च २०२२ पासून बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना तीच दिली गेली. ३६ आणि ७ मोजत बसायला तेव्हा वेळही नव्हता, आणि लस न घेतलेली, आजार न झालेली माणसं तरी कुठून आणणार?

आणि आत्या म्हणाली ती पुण्याची. जिनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सची जेमकोव्हॅक-ओएम. ओमायक्रॉनवर बेतलेली, एमआरएनए तंत्राची, साध्या फ्रिजच्या तापमानात टिकणारी आणि सुईविना त्वचेत दिली जाणारी. आपल्या देशात आपल्या हाताने केलेली खरीखुरी सुधारित लस. कौतुक करावं तेवढं थोडं. पण तारखा पाहा. ओमायक्रॉनचं बारसं २६ नोव्हेंबर २०२१ चं. लसीचं उद्घाटन २४ जून २०२३ चं. मधल्या एकोणीस महिन्यांत विषाणू एक्सबीबी.१.१६ पर्यंत पोचला होता, जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे रोजी आणीबाणी उठवली होती, आणि आत्याला त्या आधीच, एप्रिलमध्ये, घरबसल्या नैसर्गिक ‘सुधारित डोस’ मिळून गेला होता.

सिडनीची रेषा आहे, पुण्याची ठिपके मोजायची हातोटी आहे, लस बदलण्याचं तंत्रही आहे. मग या देशातल्या बाईला तिचा आकडा का सांगता येत नाही? माझ्या मते अडतं ते एकाच ठिकाणी : पाया. आयसीएमआरचं चौथं देशव्यापी रक्तसर्वेक्षण २०२१ च्या जून-जुलैतलं, ६७.६ टक्क्यांचं. ते डेल्टाच्या लाटेनंतरचं आणि ओमायक्रॉनच्या आधीचं. आज सत्तरीतल्या, मधुमेही, कोव्हॅक्सिन घेतलेल्या माणसांचा सीरम चालू विषाणूपुढे कितव्या पटीला बेचव होतो, ते दरवर्षी मोजायला हवं. परदेशातले बहुतेक आकडे फायझर-मॉडर्ना घेतलेल्यांचे. २२० कोटी डोस टोचलेल्या देशाला ते उसने घ्यावे लागतात. आपल्या लोकांचा पहिला ठसा वेगळा, तर अंदाजही वेगळाच निघणार.

*

संध्याकाळी आत्याकडे चहाला बसलो. लांबण आवरून सांगितलं, ते असं. तुझ्या वयाला आणि साखरेला डोसाचा फायदा आहे, मुख्यत्वे दवाखान्यात भरती होण्यापासून. सर्दी-तापापासूनचा फायदा काही महिन्यांचा. लसीवरच्या विषाणूचं नाव नवं की जुनं, याने थोडासा फरक पडतो. शेवटचा डोस किंवा शेवटचा आजार कधी झाला, याने खूप पडतो. आणि कुठली घ्यायची, घ्यायची का, हे तुझी साखर बघणाऱ्या डॉक्टरांना ही फाइल दाखवून विचार.

“हौ,” ती म्हणाली. “म्हणजे तुलाबी पक्कं ठाऊक नाही.”

मग तिने फाइल काढली, लसीच्या प्रमाणपत्राच्या पाठीमागे बॉलपेनने ‘एप्रिल २०२३ ताप, किटवर दोन रेघा’ असं लिहिलं आणि मला तारीख विचारली. ती तिलाही आठवेना, मलाही.

वाचकहो, तुमची तारीख आठवत असेल तर आजच प्रमाणपत्राच्या मागे लिहून ठेवा. आणि आयसीएमआरचा किंवा तुमच्या महापालिकेचा माणूस कधी ओळखपत्र दाखवून रक्तसर्वेक्षणासाठी दारात उभा राहिला, तर त्याला परत पाठवू नका. एवढंसं रक्त लागतं, पाच मिलिलिटर.